पाण्यापाशी नाव घेऊ नये

वैशाख अर्ध्यावर आला की नाचणगावच्या शिवारातल्या विहिरी एकाएकी खाली जातात. काल दुपारपर्यंत चाललेली मोटर आज सकाळीच हवा ओढायला लागते. पाइपातून आधी गढूळ धार येते, मग थुंकल्यासारखं थोडं पाणी, मग नुसता आवाज. कोणीतरी बटण बंद करतं. त्यानंतर प्रत्येक मळ्यात एकच गोष्ट होते. माणूस काठावर येतो, ओणवा होतो आणि खाली पाहतो. पाहून काही होणार नसतं, तरी पाहतो.

दगडांवर वर्षभराचं पाणी वाचता येतं. वर पावसाळ्यातली पांढुरकी रेघ, तिच्याखाली वाळून कोळपलेलं शेवाळ, मग ओला काळा दगड, मग मुरूम आणि अगदी तळाशी परातीएवढं पाणी. त्यात आभाळाचा एक तुकडा असतो आणि त्या तुकड्यात पाहणाऱ्याचं डोकं. उन्हानं डोळे दिपलेले असतात, त्यामुळे चेहरा दिसत नाही. ते डोकं कोणाचंही असू शकतं.

याही वर्षी मी वर्ध्याहून घरी गेलो तेव्हा तसं पाहिलं. माझा धाकटा भाऊ वसंता नौदलात आहे. सध्या नेमका कुठे, हे घरात कोणाला माहीत नाही. जहाज कुठे चाललं आहे ते घरी कळवायची तिथे पद्धत नाही. तो याच दिवसांत घरातून गेला. पुढे बरंच काही झालं, पण हा ऋतू परत आला की तोच एक उन्हाळा आठवतो आणि तो वासानं आठवतो. वाळलेल्या शेवाळाचा वास, तापलेल्या ग्रीसचा वास, आणि आई ज्या भिजवलेल्या गोणपाटाखाली बाजाराची भाजी झाकून ठेवत असे, त्या गोणपाटाचा.

आमचा मळा गावाच्या नदीकडच्या अंगाला आहे. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, बरबटीच्या शेंगा, उन्हाळ्यात ढेमसं. सकाळी तोडायचं, जुड्या बांधायच्या, पुलगावच्या बाजारात नेऊन बसायचं. सगळा मळा एका विहिरीवर चालतो. घरही त्या विहिरीच्या हाकेच्या अंतरावर आहे. पण आमच्याकडे विहिरीजवळ हाक मारत नाहीत.

त्याचं कारण असं. बाबांना एक धाकटा भाऊ होता. मी त्याला रामकाका म्हणत असे. वसंता तेव्हा पाळण्यात होता. असाच वैशाख होता आणि इंजिन हवा ओढत होतं. पाइपाच्या तळाशी काय अडकलं आहे ते पाहायला काका खाली उतरला. त्याला उत्तम पोहता येत होतं आणि पाणी कमरेएवढंही नव्हतं. काठावरून बाबांनी हाक मारली, “राम्या!” खालून ओ आली. थोड्या वेळानं पुन्हा मारली. ओ आली, पण बारीक. नंतरच्या हाकेला काही आलं नाही. काकाला दोरीनं वर काढलं तेव्हा त्याच्या अंगावर कुठे खरचटलेलंसुद्धा नव्हतं.

पुढे मी वर्तमानपत्रात काम करू लागलो, तेव्हा अशा बातम्या दर उन्हाळ्यात माझ्याच हातून गेल्या. विहिरीत उतरलेल्या तरुणाचा गुदमरून मृत्यू. बंदिस्त जागेत दूषित हवा साठते. आधी पेटता कंदील सोडून पाहावा, तो विझला तर माणसानं उतरू नये. बातमीच्या शेवटी हे वाक्य आम्ही नेहमी घालतो. मी ते आईलाही समजावून सांगितलं होतं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

“असन,” ती म्हणाली. “ते हवा बी त्यायचीच.”

‘त्या’ म्हणजे साती आसरा. काठाच्या पूर्वेला शेंदूर लावलेले सात दगड मांडलेले आहेत. त्या पाण्यातल्या बाया. तरणा माणूस त्यांच्या मनात भरतो आणि त्याचं नाव कानावर पडलं की त्या त्याला बोलावून घेतात, असं आमच्याकडच्या बायका म्हणतात. एकदा एखाद्या घरातला माणूस नेला की ते घर त्यांच्या ओळखीचं होतं. या गोष्टी कोणी मोठ्यानं बोलत नाही. अमावास्येला दगडांपुढे दहीभात ठेवतात आणि मागे न पाहता परत येतात.

काका गेला त्या दिवसापासून आमच्या मळ्यात विहिरीपाशी कोणी कोणाचं नाव घेतलं नाही. नियम आईनं केला. बाबांनी तो पाळला. हाक मारणारे तेच होते. जेवायला बोलवायचं असेल तर टाळी. मोटर बंद करायला सांगायचं असेल तर टाळी. कोणती टाळी कोणासाठी ते आम्हाला कळत असे. माझी सावकाश, वसंताची जलद, बाबांची एकच आणि जड. शेजारी हसत. आमच्या घरातलं कोणी पोहायला शिकलं नाही, हेही त्याच नियमात आलं. या भागात बाकीची सगळी मुलं पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत शिकतात. आम्ही दोघं काठापासून लांब, निंबाखाली बसून पाण्यात पडणाऱ्यांचे आवाज ऐकत असू.

अशा घरातल्या मुलानं नौदल निवडलं. म्हणजे तो आणि त्याचे मित्र नागपूरला गेले ते फौजेच्या भरतीला म्हणून. परत आले तेव्हा मित्रांची निवड झाली नव्हती आणि वसंताची निवड तिथेच भरती करणाऱ्या नौदलात झाली होती. प्रशिक्षण ओरिसात. बोलावणं आलं की लगेच निघायचं.

गावात ही बातमी मुख्यतः विनोद म्हणून पसरली. शेजारच्या मळ्यातले दौलतकाका मुद्दाम घरी आले. अर्ध्या गावाला त्यांनी पोहायला शिकवलेलं.

“काऊन रे वसंता, भरलेली नदी तरी पाह्यली काय कधी?”

“पाह्यली ना. पुलावरून.”

“पुलावरून! आन हा चालला समुद्रात. सरकारले दुसरं कोनी भेटलं नाई काय?”

“त्यायनं विचारलं, पोहता येते काय. म्या सांगतलं, नाई. तं म्हने, चालते. आमी शिकवू.”

“शिकवतीन कायचे! ढकलून देतीन बाबू. जो वर येईन तो पास.”

सगळे हसले. हसता हसता सगळ्यांचं लक्ष आईकडे गेलं. ती नाही म्हणेल याबद्दल कोणालाच शंका नव्हती. बाबा तर ती काय बोलते त्यासाठीच थांबले होते. आई गोणपाटावर पाणी शिंपडत होती. तिनं भांडं खाली ठेवलं.

“जाऊ द्या त्याले,” ती म्हणाली.

त्या क्षणी कोणाला बरं वाटलं असेल तर ते फक्त वसंताला. बाबा उठून वांग्यांकडे निघून गेले. मला मात्र तिच्या आवाजात परवानगी ऐकू आली नाही. दुसरंच काहीतरी होतं. घाई होती.

मी तेव्हा बोरगाव मेघेत खोली घेऊन राहत होतो आणि वर्ध्याच्या एका लहान दैनिकात कामाला होतो. सुटीच्या दिवशी नाचणगावला येत असे. पुढच्या सुटीला मी आईला विचारलं. ती ढेमसं निवडत होती.

“तुले समुद्राचं भेव नाई वाटत, माय?”

“मले विहिरीचं वाटते.”

“समुद्र विहिरीहून मोठा असते.”

“असू दे. इथल्यायले हा कोनाचा हाय ते माईत हाय. तिथल्यायले काय माईत? हजारो पोरं असतीन तिथं. त्यात हा कोन, कोनाचा, काय समजते?” तिनं एक किडकं ढेमस बाजूला टाकलं. “गर्दीत लपते मानूस.”

मी बातम्या लिहिणारा माणूस. पण त्यानंतर मळ्यात फिरताना मला ते तिच्या बाजूनं दिसू लागलं. दर वैशाखात पाणी उतरत जाई आणि तिचा मुलगा वाढत जाई. आता तो काकाएवढा उंच झाला होता. चालताना तसाच एक खांदा पाडून चालत होता. मोटर हवा ओढू लागली की काठावर जाऊन ओणवा होत होता. ती त्याला समुद्राकडे पाठवत नव्हती. विहिरीच्या नजरेआड करत होती.

ऊन त्या वर्षी लवकर चढलं. सकाळीच झळा सुटत. माणसं कानाला दुपट्टा बांधून, खिशात कांदा घालून बाहेर पडत. पाखरं मळ्याच्या पाटात चोच उघडी टाकून बसत. पाट कोरडा होता. विहिरीतून मात्र गार हवा येई, आणि भर दुपारी त्या काठावर उभं राहिलं की पायांना बरं वाटे. मला ते आवडत नसे.

मी एका गोष्टीवर अडून बसलो. निघेपर्यंत वसंताला निदान पाण्यावर राहता आलं पाहिजे. दौलतकाका म्हणाले, माझ्या विहिरीत अजून पाणी आहे, पाठवा. आई म्हणाली, नाही.

“तुह्या काकाले पोहता येत होतं,” ती मला म्हणाली. तिच्या बाजूचा सगळा पुरावा या एका वाक्यात होता.

मग वसंता न सांगता गेला. नदी आटली होती, पण वळणावर एक डोह राहिला होता. तिथे दौलतकाकांनी त्याच्या पाठीला भोपळा बांधला. त्या उन्हात केस वाटेतच वाळतात, कपडेही. पण जेवायला बसला तेव्हा त्याच्या कानामागे रेती होती. आईला ती भाकर वाढताना दिसली.

“कुठं गेलता?”

“डोहावर. दौलतकाकासंग.”

“पान्यात उतरला?”

“हो.”

बाबांचा घास हातात राहिला. मी मधे पडायच्या तयारीत होतो. आई ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, “तिथं तुह्यं नाव घेतलं काय कोनी?”

वसंतानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “नाई. दौलतकाका मले ‘ए म्हसाड्या’ म्हनून राह्यले होते.”

बाबांना हसू आलं. आईला आलं नाही. “मंग ठीक हाय,” म्हणून तिनं त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकर टाकली. दुसऱ्या दिवशी ती स्वतः दौलतकाकांच्या मळ्यात गेली.

“शिकवा त्याले. पन नाव नका घेऊ.”

“वैनी, नावानं तो येते कुठं? शिवी देली तं लवकर येते.”

“मंग शिव्या द्या. नाव नका घेऊ.”

दौलतकाकांनी हा शब्द मनापासून पाळला. मी एकदा काठावर बसून ते ऐकलं आहे. हिरवं, हलत नसलेलं पाणी. वरच्या बाजूला पांढरी पडलेली रेती, खालच्या बाजूला चिखलात रुतून मेलेले मासे. मधे वसंताचं डोकं, कधी दिसणारं, कधी न दिसणारं. आणि काठावरून एका म्हाताऱ्या माणसाच्या नव्या नव्या शिव्या. हसू येण्यासारखं दृश्य होतं. पण डोह रोज आकसत होता. कालची पाण्याची कड आज कोरड्या भेगांमध्ये असे. भाऊ पोहायला शिकत होता आणि पाणी संपत होतं. दोघांपैकी आधी कोण पुरं होईल हे सांगता येत नव्हतं.

तो शिकला. म्हणजे भोपळा सोडून डोहाच्या या काठापासून त्या काठाला जाऊ लागला. बोलावणं आलं तेव्हा डोहात उभं राहिलं तरी छातीएवढंच पाणी लागत होतं.

बाबांनी पुलगावहून पत्र्याची पेटी आणली. पेटीवर नाव हवं, असं बरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं. बाजारातल्या पेंटरनं पांढऱ्या रंगात, ठसठशीत अक्षरांत वसंताचं पूर्ण नाव लिहून दिलं. पेटी वाळत ठेवायला वसंतानं ती निंबाखाली, विहिरीच्या वाटेवर ठेवली. आईला वाचता येत नव्हतं. ती अक्षरं काय आहेत हे तिनं विचारून घेतलं आणि पेटी उचलून घरात नेली. रंग ओला होता, तिच्या लुगड्याला लागला. मग तिनं पेटीवर गोणपाट टाकलं आणि निघण्याच्या दिवशीसुद्धा ते काढू दिलं नाही.

नागपूरकडची पॅसेंजर सकाळची होती. आम्ही सगळे पुलगाव स्टेशनवर गेलो. दौलतकाकाही आले. तिखट पुऱ्यांचा डबा, कैऱ्यांचं लोणचं, गोणपाटात गुंडाळलेली पेटी. वसंताला नवा शर्ट टोचत होता. तो सारखी कॉलर ओढत होता. गाडी आली तेव्हा आईनं त्याला बाजूला घेतलं. मी जवळच होतो.

“पान्यापाशी कोनाले तुह्यं नाव घेऊ देऊ नको.”

“हो वं माय.”

“आन तू बी सांगू नको.”

“नाई सांगत.”

“पान्यातून घरी येजो.” एवढं बोलून तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

गाडी हलली. फलाटावरच्या बाकी बाया गाडीबरोबर चालत गेल्या, काही रडल्या. आई जागची हलली नाही. ती गाडीकडे पाहतही नव्हती. फलाटावर एक नळ होता, तो गळत होता. थेंब पडत होता, थांबत होता, पडत होता. ती त्याच्याकडे पाहत होती.

त्या पावसाळ्यात कचेरीतलं एक काम माझ्याकडे आलं. आमच्यासारखी लहान दैनिकं रेडिओवरच्या धीम्या गतीच्या बातम्या लिहून घेत. निवेदक एकेक तुकडा सुटा सांगतो, लिहिणाऱ्याला वेळ मिळावा म्हणून थांबतो आणि मग पुढचा सांगतो. “बंगाल की खाड़ी में...” आणि विराम. माझ्या हातातली पेन्सिल कागदावर टेकलेली असे. त्या विरामात पुढे काहीही असू शकतं. जहाज असू शकतं. मग आवाज येई, “कम दबाव का क्षेत्र बना है.” मी लिहून घेई. पानाच्या कोपऱ्यात एका रकान्यात बसणारी बातमी. आता कचेरीत माझ्या हाताखाली माणसं आहेत, पण ते काम मी अजून दुसऱ्याला दिलेलं नाही.

पुढच्या वैशाखात वसंता पहिल्या रजेवर आला. मान जाड झाली होती, केस कातरलेले, बोलण्यात हिंदी. बूट इतके चकचकीत की दौलतकाकांनी त्यात पाहून मिशा नीट केल्या. विहीर खाली गेली होती. आम्ही निंबाखाली बरबटीच्या जुड्या बांधत बसलो होतो आणि तो मोटरच्या ओट्यावर बसून सांगत होता. पहाटेची धावपळ, माशाचा रस्सा, बंगाली, मल्याळी, पंजाबी पोरं. आई ऐकत होती. वर्षभरात मी तिला इतकं निवांत पाहिलं नव्हतं. तिचा अंदाज खरा निघाला होता. मुलगा गर्दीत लपला होता आणि धडधाकट परत आला होता.

“पान्याचं भेव नाई वाटलं?” बाबांनी विचारलं.

“पह्यल्या दिशी वाटलं. पोहाच्या टाक्यावर उंच फळी असते ना बाबा, तिच्या टोकावर उभं करते. खाली निळं पानी. मांगं उस्ताद, म्हंजे शिकवनारा. म्हने, जब तक नाम सुनाई नहीं देगा, कूदने नहीं दूँगा.”

“कायचं नाम?”

“आपलं. उडीच्या अगोदर नाव सांगा लागते ना. पुरं. आपलं, बापाचं, आडनाव, नंबर. मंगच उडी.”

आईचा सुतळी ओढणारा हात थांबला. बाबांनी खाली पाहिलं. वसंताच्या लक्षात आलं नाही. स्टेशनवर दिलेला शब्द एका वर्षाच्या आरडाओरडीत कधीच बुडाला होता. त्याच्या मनात लबाडी नव्हती, आठवणच नव्हती.

“रोज?” आईनं विचारलं.

“रोज.”

“पान्याकडं तोंड करून?”

“मंग? पाठ करून कोनी उडी मारते काय?” तो हसला.

“कितीक जोरानं?”

तिनं हे का विचारलं ते मला कधी कळलं नाही. कदाचित हळू सांगितलं असेल, पाण्याला ऐकू गेलं नसेल, एवढीच तिची आशा असेल. पण वसंताला वाटलं, तिला पाहायचं आहे. तो ओट्यावर उभा राहिला. टाचा जोडल्या, छाती काढली, हात अंगाला चिकटवले. बाबा “थांब रे” म्हणाले तोवर उशीर झाला होता. त्यानं समोर पाहून पूर्ण नाव पुकारलं. स्वतःचं, बाबांचं, आडनाव, नंबर. समोर विहीर होती. ती जवळजवळ रिकामी होती, त्यामुळे आवाज तळापर्यंत गेला, तिथे क्षणभर राहिला आणि सगळाच्या सगळा वर आला. कितीतरी वर्षांत त्या काठावर उच्चारलेलं ते पहिलं नाव.

“एवढ्या जोरानं,” वसंता म्हणाला आणि हसत खाली उतरला.

जुड्या बांधून झाल्या, बाजारात गेल्या. रजेचे उरलेले दिवस पाहुण्यांत आणि जेवणांत गेले. आईनं त्याला नको जाऊ असं म्हटलं नाही. म्हणून उपयोग नव्हता. घरीही विहीर होतीच. तोवर तिच्याजवळ एक अशी जागा होती जिथे त्याचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. आता त्याला पाठवायला तशी जागा राहिली नव्हती आणि ठेवून घ्यायलाही नव्हती.

रजा संपली तेव्हा ती पुलगाव स्टेशनवर आली. गाडी लागली. डबा दिला, डोक्यावरून हात फिरवला आणि बाजूला झाली. वसंता दारात उभा राहून वाट पाहत होता.

“या बारी काई सांगत नाईस काय, माय?”

“काय सांगू?” ती म्हणाली. “सांगाचं ते तूच सांगून बसला, बाबू.”